आक्विटेनची वारसदारीण राणी एलिनोर

जमिनीच्या वारशावरून भाऊबंदांत जे तंटे होतात ते आपल्या खेडेगांवांतील वाचकांस नवे नाहींत. बाप मरतो, मुलगा नसतो, मुलगी असते. मग त्या शेताचा धनी कोण हा प्रश्न चावडीवर येतो. मुलीस दिलें तर शेत जांवयाच्या घरीं जातें, आणि चुलते म्हणतात कीं वाडवडिलांची माती परक्याकडे गेली. गणनेच्या पुस्तकांत सलाफहादाच्या पांच मुलींची हकीकत आहे, तींतहि हाच पेंच आहे. त्या मुलींना वतन मिळालें, पण त्यांनीं आपल्याच वंशांत लग्न करावें अशी अट पडली. आज जिचें चरित्र सांगावयाचें आहे तिच्या वांट्यास एखादें शेत नव्हे, तर फ्रान्स देशाचा नैऋत्येकडील सारा मुलूख आला. आणि अशी अट तिला कोणीं घातली नाहीं. त्या मातीसाठीं पुढें तीनशें वर्षें दोन राज्यें एकमेकांशीं भांडत राहिलीं.

त्या काळची फ्रान्समधील व्यवस्था प्रथम थोडी समजून घेतली पाहिजे. राजा पॅरिस येथें राही, पण त्याच्या प्रत्यक्ष ताब्यांत त्या नगराच्या आसपासचा लहानसा प्रदेशच असे. बाकीचा देश मोठमोठ्या सरदार घराण्यांकडे होता. हे सरदार ड्यूक किंवा काउंट म्हणवीत. राजापुढें गुडघे टेकून व आपले जोडलेले हात त्याच्या हातांत देऊन ते निष्ठेची शपथ घेत, आणि घरीं परत गेल्यावर आपापल्या जहागिरींत स्वतःच राजासारखे वागत. जहागीर बापाकडून मुलाकडे जाई. मुलगा नसल्यास पुष्कळ प्रांतांत ती मुलीकडे जाई. आपल्याकडे दत्तक घेऊन घराणें चालवितात, तशी तेथें रीत नव्हती. पण मुलगी लढाईस जात नसे. म्हणून तिचें लग्न कोणाशीं व्हावें हें ठरविण्याचा हक्क वरचा धनी आपल्याकडे ठेवी, आणि जो नवरा होई तो तिच्या वतीनें सर्व कारभार पाही. माती बायकोची, शिक्का नवऱ्याचा, असा हा प्रकार होता. एलिनोरच्या आयुष्यांतील बहुतेक झगडे येथूनच निघाले.

आक्विटेनचें घराणें फार जुनें. लवार नदीपासून पिरनीज पर्वताच्या पायथ्यापर्यंत त्याची सत्ता पसरलेली होती. प्वातिये ही त्यांची राजधानी, आणि बोर्दो हें त्यांचें मोठें बंदर. द्राक्षमळे, मिठागरें व समुद्रावरील व्यापार यांमुळें हे ड्यूक खुद्द राजापेक्षांहि धनवान होते. त्यांच्यापैकीं बहुतेकांचें नांव विल्यम असे. एलिनोरचा आजा नववा विल्यम हा दक्षिण फ्रान्सच्या लोकभाषेंत गीतें रचणारा कवि म्हणून आजहि प्रसिद्ध आहे. मात्र त्याचें घरगुती वर्तन असें होतें कीं धर्माधिकाऱ्यांनीं त्याला मंडळीबाहेर टाकलें. त्याची पत्नी फिलिपा ही तुलूजच्या काउंटाची एकुलती एक मुलगी. तिचा बाप मेला तेव्हां तुलूज तिला मिळावयाचें, परंतु तिचा चुलता रेमंड यानें तें बळकाविलें. फिलिपा शेवटीं फोंतव्रो येथील मठांत जाऊन राहिली. तिचा हक्क तिच्या मुलाकडे आणि मग नातीकडे आला. तुलूज आपलें आहे ही गोष्ट एलिनोर कधीं विसरली नाहीं, आणि तिच्या दोन्ही नवऱ्यांना त्या शहरावर चाल करून जावें लागलें तें याच कारणानें.

एलिनोरचा जन्म इ. स. ११२२ ते ११२४ च्या सुमारास झाला. तिला एक भाऊ होता. तो जगला असता तर हें चरित्र लिहिण्याचा प्रसंगच आला नसता. परंतु ११३० च्या सुमारास आई व भाऊ दोघेंहि वारलीं, आणि दहावा विल्यम ड्यूक याच्या घरांत दोन मुलीच उरल्या. ११३७ सालीं ड्यूक स्पेनमधील सांतियागो येथें यात्रेस गेला व तेथेंच उत्तम शुक्रवारीं मरण पावला. मरणापूर्वीं त्यानें आपल्या थोरल्या मुलीस फ्रान्सचा राजा सहावा लुई याच्या पालकत्वाखालीं ठेविलें. बापाचा यांत दूरदर्शीपणा होता असें मानावें लागतें. वारसदार कुमारिका म्हणजे उघड्यावर पडलेला खजिना. जो सरदार तिला प्रथम पळवून नेऊन लग्न लावील तो ड्यूक व्हावयाचा, अशी त्या काळची स्थिति होती.

राजा आजारानें अंथरुणास खिळलेला होता, तरी त्यानें क्षणाचाहि विलंब केला नाहीं. आपला मुलगा लुई यास त्यानें पांचशें स्वारांसह दक्षिणेस रवाना केलें. बरोबर मठाधिपति सुजे यांच्यासारखा शहाणा मंत्री दिला. ता. २५ जुलै ११३७ रोजीं बोर्दो येथील मोठ्या देवळांत विवाह झाला, आणि ता. १ ऑगस्ट रोजीं राजा मरण पावला. बाप गेल्यापासून चार महिन्यांच्या आंत ती मुलगी फ्रान्सची राणी झाली. या लग्नानें आक्विटेन राजाच्या खासगी मुलखांत मिसळून गेलें नाहीं. राणीच्या पोटीं मुलगा झाला म्हणजे तो दोन्ही गाद्यांचा धनी होईल, अशी आशा होती.

मुलगा झाला नाहीं. पहिलीं सात वर्षें कांहींच झालें नाहीं. मग ११४५ सालीं मेरी नांवाची मुलगी झाली. नवरा स्वभावानें भाविक व नम्र, लहानपणीं मठांत वाढलेला. तरी रागाच्या भरांत त्याच्या हातून मोठा अनर्थ झाला. राणीच्या धाकट्या बहिणीच्या एका वादग्रस्त लग्नावरून शांपेनच्या काउंटाशीं युद्ध जुंपलें, आणि वित्री गांवच्या देवळांत आश्रयास गेलेलीं हजारांहून अधिक माणसें त्या देवळासकट जळून मेलीं, असें त्या वेळचे बखरकार लिहितात. राजाच्या मनास ही गोष्ट जन्मभर टोंचत राहिली. ११४७ सालीं तो दुसऱ्या क्रूसयुद्धास निघाला, आणि राणीहि आपल्या सरदारांसह त्याच्याबरोबर निघाली.

प्रेषितांच्या कृत्यांत ज्या अंत्युखियाचें नांव आपण वाचतों, त्याच नगरीं ११४८ सालीं या जोडप्याचें फाटलें. तेथें राणीचा सख्खा चुलता रेमंड राज्य करीत होता. त्यानें सुचविलेली मोहीम राजानें नाकारली. राणीनें चुलत्याची बाजू घेतली, आणि आपलें व राजाचें नातें जवळचें असल्यामुळें हा विवाहच धर्मनियमाविरुद्ध आहे, असा प्रश्न काढला. राजानें तिला रातोरात नगराबाहेर काढून यरुशलेमकडे नेलें. चुलत्या-पुतणीविषयीं त्या वेळीं जीं कुजबुज झाली तिच्यावर विश्वास ठेवण्यास पुरावा नाहीं, म्हणून ती येथें देत नाहीं. परतीच्या वाटेवर पोप तिसरा यूजीन यानें दोघांचा समेट घडवून आणला. ११५० सालीं दुसरें अपत्य झालें, तीहि मुलगीच. ता. २१ मार्च ११५२ रोजीं बोझांसी येथें धर्माधिकाऱ्यांच्या सभेनें नात्याच्या कारणावरून तो विवाह रद्द ठरविला. दोन्ही मुली बापाकडे राहिल्या, आणि आक्विटेन जिचें होतें तिच्याकडे परत आलें.

आतां तिनें काय करावें? स्वतःच्या मुलखाकडे जातांना वाटेंतच दोन तरुण सरदारांनीं तिला पळविण्याचा घाट घातला होता, असें बखरकार सांगतात. सुमारें आठ आठवड्यांनीं, ता. १८ मे रोजीं, तिनें प्वातिये येथें आंजूचा काउंट व नॉर्मंडीचा ड्यूक हेन्री याच्याशीं लग्न केलें. हा एकोणीस वर्षांचा, ती तिशीच्या घरांत. वरचा धनी म्हणून लुईची परवानगी घेणें जरूर होतें. ती घेतली नाहीं. गंमत अशी कीं हेन्रीचें तिच्याशीं नातें लुईपेक्षां थोडें अधिकच जवळचें होतें. ज्या नियमानें पहिलें लग्न मोडलें तो नियम दुसऱ्या लग्नाच्या वेळीं कोणास आठवला नाहीं. लुईनें सैन्य पाठवून पाहिलें, पण त्याचें कांहीं चाललें नाहीं; ११५४ पर्यंत तो स्वतःस आक्विटेनचा ड्यूक म्हणवीत होता, एवढेंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत हेन्री इंग्लंडचा राजा झाला. स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरनीजपर्यंत एका घराची सत्ता झाली.

ज्या बाईस पंधरा वर्षांत दोनच मुली झाल्या, तिला पुढील तेरा-चौदा वर्षांत पांच मुलगे व तीन मुली झाल्या. थोरला विल्यम लहानपणींच वारला. हेन्री, रिचर्ड, जेफ्री व जॉन हे चौघे मोठे झाले. आतां वारस फार, आणि त्यांना वांटून द्यावयाचें कसें, ही अडचण उभी राहिली! ११६९ सालीं मोंमिराय येथें हेन्रीनें वांटणी ठरविली: थोरल्या हेन्रीस इंग्लंड, नॉर्मंडी व आंजू, रिचर्डास आईचें आक्विटेन, जेफ्रीस त्याच्या वाग्दत्त वधूचें ब्रिटनी. धाकट्या जॉनास कांहींच नाहीं, म्हणून लोक त्याला बिनजमिनीचा म्हणूं लागले. एलिनोर या सुमारास प्वातियेस राहून आपल्या मुलखाचा कारभार पाहत होती. ११७२ सालीं रिचर्डास ड्यूकपदाचीं वस्त्रें व मुद्रिका मिळाली. बापाच्या वारशाहून आईचा वारसा निराळा आहे, हें त्या विधीनें सर्वांस दिसलें.

पण हेन्रीनें मुलांना पदव्या दिल्या, सत्ता दिली नाहीं. ११७३ च्या फेब्रुवारींत लिमोज येथें तुलूजच्या काउंटानें हेन्रीपुढें, त्याच्या थोरल्या मुलापुढें व रिचर्डापुढें शपथ घेतली. थोरला मुलगा तर इंग्लंडच्या गादीचा. त्याचा आक्विटेनशीं काय संबंध? आपलें वतन इंग्लंडच्या गादीखालीं कायमचें जात आहे असें एलिनोरला त्या दिवशीं वाटलें असावें, असें कित्येक इतिहासकार मानतात. त्याच वेळीं राजानें मीर्बो वगैरे तीन किल्ले थोरल्याच्या वांट्यांतून काढून जॉनास देऊं केले. तिन्ही मोठ्या मुलांनीं बापाविरुद्ध बंड केलें, आणि आई त्यांच्या बाजूस होती. पॅरिसकडे जातांना पुरुषाच्या वेषांत ती पकडली गेली.

मुलांस बापावर उठविणें ही गोष्ट कोणत्याहि आईस शोभणारी नाहीं, आणि तिचा बचाव करण्याची आमची इच्छा नाहीं. हेन्रीच्या व्यभिचाराचा तिला मत्सर होता म्हणून हें झालें, असें पुष्कळ ठिकाणीं लिहितात. त्याच्या रोझामंड नांवाच्या प्रियेस राणीनें विष दिलें ही तर निवळ दंतकथा आहे, कारण रोझामंड मेली तेव्हां राणी कैदेंत होती. तिच्या सर्व वर्तनाचा धागा पाहिला तर नवऱ्यापेक्षां वतनाचा विचार तिच्या मनांत अधिक होता असेंच दिसतें. घरांतील प्रीतीपेक्षां घराच्या जमिनीला जास्त मोल दिलें म्हणजे काय होतें तें या कुटुंबांत सर्वांनींच भोगलें. हेन्रीनें तर सर्वांहून अधिक.

बंड मोडलें. मुलांना क्षमा झाली, आईस झाली नाहीं. १५ वर्षांहून अधिक काळ ती इंग्लंडांत सॅलिसबरी, विंचेस्टर अशा ठिकाणीं पहाऱ्यांत राहिली. या काळांतील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ११८३ सालीं थोरला मुलगा हेन्री तापानें मेला. आतां रिचर्ड हा मुख्य वारस. म्हणून त्यानें आक्विटेन जॉनास द्यावें असें बापानें फर्माविलें. रिचर्डानें साफ नाकारलें. तेव्हां ११८५ सालीं राजानें आपल्या त्या कैदी बायकोस नॉर्मंडींत आणविलें व रिचर्डास कळविलें कीं खरी मालकीण आली आहे, तिचें तिला परत दे. रिचर्डानें तें निमूटपणें परत दिलें. ज्या बाईस स्वतःच्या मर्जीनें दार उघडून बाहेर जातां येत नव्हतें, तिच्या हक्कापुढें तो शूर योद्धा नमला, आणि राजालाहि त्या हक्काचा आधार घ्यावा लागला!

ता. ६ जुलै ११८९ रोजीं हेन्री शिनों येथें मरण पावला. मरतेसमयीं रिचर्ड त्याच्याविरुद्ध लढत होता, आणि लाडका जॉनहि शत्रूस मिळाल्याचें त्यास कळलें होतें. रिचर्ड राजा झाला व त्यानें आईस मुक्त केलें. तिनें पहिलें काम केलें तें देशांतील कैदी सोडण्याचें. सत्तरीच्या घरांतील या बाईनें यानंतर जीं कामें केलीं तीं तरुणांसहि दमविणारीं होतीं. ११९१ सालीं भावी सुनेस घेऊन आल्प्स पर्वत ओलांडून ती सिसिलीस गेली. क्रूसयुद्धाहून परततांना रिचर्ड जर्मनीच्या सम्राटाच्या कैदेंत पडला. खंडणी दीड लक्ष मार्क ठरली. तिनें देवळांचीं चांदीचीं पात्रेंहि गोळा करून मोठी रक्कम जमविली व ती स्वतः नेऊन ११९४ च्या फेब्रुवारींत मुलास सोडवून आणलें. ११९६ सालीं तिची मुलगी जोन तुलूजच्या काउंटास देण्यांत आली, आणि आजी फिलिपापासून चाललेलें तें भांडण लग्नानें मिटलें.

ता. ६ एप्रिल ११९९ रोजीं शालू येथील किल्ल्याच्या वेढ्यांत लागलेल्या बाणाच्या जखमेनें रिचर्ड मेला. आई जवळ होती. त्याला औरस संतान नव्हतें. आतां गादी कोणाची? मेलेल्या राजाचा धाकटा भाऊ जॉन, कीं मधल्या जेफ्रीचा मुलगा बारा वर्षांचा आर्थर? नॉर्मंडीची वहिवाट हयात भावाच्या बाजूनें, आंजूची पुतण्याच्या बाजूनें. फ्रान्सचा राजा फिलिप यानें आर्थरचा पक्ष उचलला, कारण मुलगा लहान म्हणजे मुलूख आपल्या हातांत. आक्विटेनविषयीं मात्र एलिनोरनें फिलिपास फटच ठेविली नाहीं. जुलै महिन्यांत तूर येथें जाऊन तिनें स्वतः त्याच्यापुढें प्वातूसाठीं शपथ घेतली. म्हणजे जहागीरदारीण हयात आहे, तेव्हां वारसाचा प्रश्नच उद्भवत नाहीं. मग तिनें आपला मुलूख जॉनास दिला, आणि जॉननें तो तिच्या हयातीपर्यंत तिलाच परत दिला. एखाद्या निष्णात वकिलासहि याहून चांगली तोड सुचली नसती. त्याच वर्षीं प्वातिये, ला रोशेल वगैरे शहरांस तिनें स्वराज्याच्या सनदा दिल्या, कारण सरदारांपेक्षां शहरें अधिक निष्ठावान राहतील हें ती जाणून होती.

दुसऱ्या वर्षीं भर हिवाळ्यांत पिरनीज ओलांडून ती कास्तीलला आपल्या मुलीकडे गेली. जॉन व फिलिप यांच्या तहाप्रमाणें तेथील एक राजकन्या फिलिपाच्या मुलास द्यावयाची होती. आजीनें बारा वर्षांच्या ब्लांशची निवड केली व तिला घेऊन ती परत निघाली. बोर्दोपर्यंत आल्यावर मात्र शरीर थकलें. नातीस आर्चबिशपांच्या स्वाधीन करून म्हातारी फोंतव्रोच्या मठांत विश्रांतीस गेली.

विश्रांति मिळाली नाहीं. १२०२ सालीं जॉन व फिलिप यांचें पुन्हां बिनसलें. फिलिपानें आर्थरास प्वातू बहाल केलें, आणि त्या पंधरा वर्षांच्या नातवानें आपल्या ऐंशी वर्षांच्या आजीस मीर्बोच्या किल्ल्यांत वेढलें. शहर पडलें, ती आंतल्या बुरुजांत तग धरून राहिली. जॉन आयुष्यांत सहसा चपळ नसे, पण या वेळीं दोन दिवसांत ऐंशी मैल दौडत येऊन ता. १ ऑगस्ट रोजीं त्यानें सर्वांस झोपेंत गांठलें. आजी सुटली, नातू कैद झाला. १२०३ नंतर आर्थर कोणास दिसला नाहीं. काकानेंच त्याला मारविलें असें सर्व लोक तेव्हां मानूं लागले, आणि ब्रिटनी, आंजू व नॉर्मंडी येथील सरदार जॉनास सोडून गेले.

एलिनोर १२०४ च्या एप्रिलच्या आरंभीं वारली. दहा मुलांपैकीं त्या वेळीं जॉन व कास्तीलची राणी हीं दोघेंच जिवंत होतीं. फोंतव्रोच्या देवळांत नवरा व रिचर्ड यांच्या शेजारीं तिला पुरलें. थडग्यावरील दगडी मूर्ति आजहि तेथें आहे; राजांच्या मूर्ति डोळे मिटून पडलेल्या आहेत, राणीच्या हातांत उघडें पुस्तक आहे. ती गेल्यावर चार-पांच महिन्यांच्या आंत नॉर्मंडी गेली व प्वातूच्या सरदारांनींहि फिलिपास दरवाजे उघडले. बोर्दोच्या बाजूचा मुलूख तेवढा इंग्लंडच्या राजाकडे राहिला. तोहि १४५३ सालीं कास्तियोंच्या लढाईनंतर गेला.

ब्लांशचा मुलगा नववा लुई फ्रान्सच्या गादीवर बसला. १२५९ सालीं जॉनचा मुलगा तिसरा हेन्री पॅरिसास येऊन त्याच्यापुढें गुडघे टेकून बोर्दोकडील मुलखासाठीं शपथ घेता झाला. शपथ घेणारा एलिनोरचा नातू, आणि घेवविणारा पणतू. लुईचा भाऊ आल्फोन्स याला प्वातू मिळालें होतें. त्याची बायको तुलूजच्या काउंटाची एकुलती मुलगी, एलिनोरच्या जोनची नात. अशा रीतीनें ज्या तुलूजसाठीं फिलिपापासून तीन पिढ्या झगडल्या तें आणि प्वातू हीं दोन्ही एलिनोरच्याच दोन पणतवंडांच्या घरांत एकत्र आलीं. १२७१ सालीं क्रूसयुद्धाहून परततांना हीं दोघें नवराबायको इटलींत थोड्याच दिवसांच्या अंतरानें वारलीं. त्यांना मूलबाळ नव्हतें. दोन्ही मुलूख फ्रान्सच्या राजाच्या खासगींत जमा झाले.